ळ नसलेली कादंबरी

अमृतराव भारंबे यांना गप्प बसवायचं असेल तर त्यांना एखादं मोठं काम द्यावं लागतं. लहान काम दिलं तर ते काम करता करता बोलतात. म्हणून पौष लागायच्या आदल्या रविवारी पुण्याहून त्यांच्या लेकीचा, ऋतिकाचा, फोन आला, "पप्पा, तुम्ही एक कादंबरी लिहा. एका महिन्यात पहिला खर्डा पूर्ण. हल्ली लोक असं आव्हान घेतात," तेव्हा सुलक्षणाबाई स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता गालात हसल्या. मायलेकींचं आधीच ठरलं होतं.

त्याचं असं झालं होतं की ऋतिकाला धुळ्याच्या भदाणे यांचा ललित आवडला होता आणि ललितला ऋतिका. दोघं पुण्यात नोकरीला, शहाणीसुरती पोरं. भदाणे मंडळी एकदा जळगावला मेहरूणच्या घरी येऊन चहापोहे करून गेली होती. ललितचे वडील गिरधरनाना निघताना म्हणाले, "आता पौष येतोय. पौषात आम्ही सोयरिकीचं नावसुद्धा काढत नाही. माघ लागला की काय ते सांगू." नाना भारी मानी माणूस. एका लग्नात कुणीतरी त्यांना "जरा सरकून घ्या" म्हणालं, तर ते सरकत सरकत मांडवाबाहेर गेले आणि थेट धुळ्याला पोहोचले, असं सांगतात. अशा माणसाचा होकार महिनाभर टांगणीला, आणि इकडे अमृतरावांचं तोंड! त्यांनी भाजीवालीला सांगितलं असतं, रिक्षावाल्याला सांगितलं असतं, आणि त्या सांगण्यातून माघापर्यंत काय उरलं असतं ते देवालाच ठाऊक. पोरीनं कळवळून सांगितलं, "पप्पा, मला ललितशीच लग्न करायचंय. महिनाभर फक्त काही बोलू नका. लिहा."

अमृतरावांना हे फार पटलं. आपल्या आत काहीतरी आहे असा त्यांना लहानपणापासून संशय होताच. पाटबंधारे खात्याच्या टेबलावर बसून बसून ते आत दबलं असणार, एवढंच. त्यांनी नवं पेन आणलं, कोरे कागद आणले, गच्चीवर खुर्ची टाकली आणि पहिलं वाक्य लिहिलं: "सदर तरुणी तळ्याच्या काठी उपस्थित होती." वाचून पाहिलं. काहीतरी कमी वाटलं म्हणून पुढे जोडलं: "तिच्या सौंदर्याबाबत कोणतीही हरकत प्राप्त झालेली नव्हती." मग पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ आभाळाकडे बघत बसले. इतक्या वर्षांचा खात्याचा पत्रव्यवहार हातात मुरलेला. हात काही केल्या प्रेमात पडायला तयार नव्हता.

त्यात रजेचं प्रकरण. अर्जावर त्यांनी प्रामाणिकपणे "कारण: कादंबरी लेखन" असं लिहिलं. साहेबांनी अर्ज उलटा करून पाहिला, मागं काही आहे का ते.

"भारंबे, तुम्ही आजारी पडा ना. आजारपणाची पद्धत ठरलेली आहे. कादंबरीची नाही."

"पण साहेब, मी ठणठणीत आहे."

"तीच अडचण आहे. बरं, गोषवारा जोडा. कथा काय आहे?"

"एक मुलगी आहे, रत्ना. ती संध्याकाळी तळ्याकाठी उभी आहे."

"तळं कुणाच्या अखत्यारीतलं? आपल्या खात्याचं असेल तर ती तिथं कोणाच्या परवानगीनं उभी आहे, ते आधी बघावं लागेल."

शेवटी "वैयक्तिक कारण" अशी दुरुस्ती करून रजा मंजूर झाली. अमृतरावांच्या प्रतिभेची सरकारदरबारी पहिली नोंद अशी झाली, म्हणजे झालीच नाही. ते फार दुखावले. घरी येऊन सुलक्षणाबाईंना म्हणाले, "कलावंताची कदर नाही या देशात." त्या म्हणाल्या, "बरं. दूध उतू जातंय, तेवढं बघा."

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. सोयरिकीबद्दल बोलायचं नाही म्हटल्यावर अमृतराव कादंबरीबद्दल बोलले. शेजारचे भिकनआबा, एस.टी.तून निवृत्त झालेले, कुंपणावरून म्हणाले, "लिहा, लिहा. पण खरं लिहा. माझ्या बोअरवेलचं त्यात टाका. दोनशे फूट गेलो, पाणी नाही. रडू येईल वाचणाऱ्याला." समोरच्या कुंदाबाईंनी निरोप पाठवला की कादंबरीत सासू असेल तर ती चांगली दाखवा, सगळे लोक सासूला वाईटच दाखवतात. त्यांच्या सुनेनं वेगळा निरोप पाठवला, तो इथं सांगत नाही. वाण्याच्या दुकानात एकानं विचारलं, "हिरो काय करतो? केळीचा बाग असला तर भाव कोणता धरला?" अमृतराव प्रत्येकाचं ऐकून घेत, मान डोलावत, आणि घरी येईपर्यंत रत्नाच्या मागं बोअरवेल, सासू आणि केळीचे भाव लागलेले असत.

पण खरं सांगायचं तर ते दिवस फार गोड होते. पौषातल्या सकाळी मेहरूणच्या तलावावर धुकं असतं. अमृतराव कानटोपी घालून फिरायला जात, आणि धुक्यात पलीकडच्या काठावर त्यांना रत्ना दिसे. खरंच दिसे. निळी साडी, खांद्यावर शाल, चेहरा नीट दिसत नाही पण ओळखीचा वाटतो. ती काही बोलत नसे. तिच्याकडे बघता बघता अमृतराव दोनदा कुणाच्यातरी कुत्र्याला अडखळले आणि दोन्ही वेळा कुत्र्याला "माफ करा हं" म्हणाले. घरी चहात मीठ पडलं तरी त्यांना कळेना. सुलक्षणाबाई काही विचारायच्या, ते "हं" म्हणायचे, आणि त्यांचे डोळे खिडकीबाहेर कुठंतरी जाऊन बसायचे. इतकी वर्षं ज्या माणसाच्या तोंडाला विश्रांती नव्हती तो असा शांत, तरंगल्यासारखा फिरतोय हे बघून बाईंना आधी बरं वाटलं आणि मग थोडी काळजी वाटली.

हातानं लिहिणं जमेना, तेव्हा ऋतिकानंच फोनवरून उपाय सांगितला. मोबाइलमध्ये माईकचं चिन्ह असतं. ते दाबायचं आणि बोलायचं. मोबाइल आपोआप मराठीत लिहितो. अमृतरावांना हर्ष झाला. बोलणं! ते तर त्यांना येतंच होतं. आता तळ्याकाठी फिरत फिरत ते कादंबरी बोलू लागले आणि पानंच्या पानं होऊ लागली. रोज बोललेलं ते स्वतःच्याच नंबरवर पाठवून ठेवायचे. परत वाचायचे मात्र नाहीत. आव्हानाचा नियमच तसा होता म्हणे: महिनाभर मागं वळून बघायचं नाही, नुसतं पुढं जायचं.

आता इथं अमृतरावांची एक नाजूक बाब सांगणं भाग आहे. त्यांना ळ म्हणता येत नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही. सावद्याकडं त्यांचं बालपण गेलं आणि तिथं ळ कोणी वापरतच नाही, त्या जागी य चालतो. डोळ्याला डोया, शाळेला शाया, केळीला केयी. कानाला गोड लागतं. पण कचेरीत बाहेरगावचे साहेब आले की अमृतरावांची पंचाईत व्हायची. पुण्यात लेकीकडं गेले की फळवाल्याला बोटानं दाखवायचे, कारण "केळी" म्हणता येत नाही आणि निदान "फळ" म्हणावं, तर तीही सोय नाही. ऋतिका शाळेत असताना घरभर त्यांना दुरुस्त करत फिरायची, "पप्पा, जीभ मागं वळवा!" पप्पा जीभ वळवायचे आणि "जलगाव" म्हणायचे. मग तिनंच नाद सोडला. माणसांचं चालून जातं, ती समजून घेतात. मोबाइलला ही समज कुठून येणार?

एका सकाळी अमृतरावांना फार सुंदर प्रसंग सुचला. धुकं इतकं दाट की काठच दिसेना. ते थांबले, डोळे मिटले आणि भरल्या गळ्यानं मोबाइलला सांगितलं: "संध्याकाळ झाली होती. तळ्याच्या काठी ती एकटी उभी होती. तिचे काळेभोर डोळे भरून आले. ती म्हणाली, जवळ ये. असा लांब उभा राहू नको. माझ्याजवळ तू असलास की मला कुणाची भीती नाही." त्यांच्या अंगावर काटा आला. त्याच तंद्रीत त्यांनी बोटानं मजकूर पाठवला. स्वतःच्या नंबराच्या अगदी खाली "भारंबे परिवार" हा ग्रुप होता, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मोबाइल खिशात टाकून ते "जवय ये, जवय ये" असं पुटपुटत चालू लागले. समोरून कुंदाबाई फिरायला येत होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या आणि रस्ता बदलून परत गेल्या.

परिवारातल्या सत्तर माणसांनी सकाळी चहाबरोबर जे वाचलं ते असं: "संध्याताई झाली होती. तयारीच्या काठी ती एकटी उभी होती. तिचे काय भोर दोघे भरून आले. ती म्हणाली जावई ये. असा लांब उभा राहू नको. माझा जावई तू असलास की मला कुणाची भीती नाही."

पहिला फोन सावद्याहून, अमृतरावांची थोरली बहीण कमलअक्का हिचा.

"काय रे अमृत! पोरीचं जमवलं अन मले सांगितलंबी नाही? अन तेबी पौषात?"

"कुणाचं जमवलं?"

"आता लपवू नको. बठ्ठ्यांनी वाचलं. जावई ये म्हणे, भीती नाही म्हणे, तयारी म्हणे. ही संध्याताई म्हंजे दीपनगरची ना? तिचा पोरगा तिथंच कॉलनीत राह्यते. चांगला आहे, थोडा टकला आहे, पण चालतं."

अमृतरावांनी ग्रुप उघडला. मजकूर वाचला. अभिनंदनाचे हात, फुलं, पेढे, "ऋतिकाला अनेक शुभेच्छा", "जावईबापूंचा फोटो टाका". खुलासा करायला ते घाईघाईनं बसले, आणि घाई म्हणून पुन्हा माईकवरच बोलले: "कृपया गैरसमज करून घेऊ नका. जावई नाही, जवळ असं वाचावं." ग्रुपवर उमटलं: "कृपया गैरसमज करून घेऊ नका. जावई नाही, जावई असं वाचावं." त्यावर अक्काच्या मुलानं लिहिलं, "मामा फारच आनंदात दिसतात."

दुपारी तर कहर झाला. अक्काला धीर कुठला! तिनं दीपनगरच्या संध्याताईंना फोन करून त्यांचंही अभिनंदन केलं होतं. संध्याताईंच्या मुलाचं लग्न कधीपासून रखडलेलं, आणि इथं मुलीच्या बापानंच जाहीर केलंय म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! चार वाजता त्या, त्यांचे मिस्टर आणि तो मुलगा भुसावळजवळच्या दीपनगरहून पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर. मुलगा बिचारा सालस. तो दारातच वाकून म्हणाला, "बाबा, तुमचा मेसेज फार आवडला. असं मोकळं कोण बोलतं हल्ली?" अमृतरावांना त्या मुलाला नाही म्हणताना जे वाटलं ते शत्रूलाही वाटू नये. सुलक्षणाबाईंनी सगळ्यांना चहा दिला, पदराखाली हात जोडले आणि सांगितलं की यांना कादंबरी झाली आहे. संध्याताईंना वाटलं काहीतरी आजार असावा. त्या हळहळल्या आणि पेढे ठेवून गेल्या.

संध्याकाळी ऋतिकाचा फोन आला. ती आधी नुसती रडत होती. मग म्हणाली, "पप्पा, मेसेज धुळ्यापर्यंत गेलाय. नाना ललितला म्हणाले, त्यांना दुसरीकडं द्यायची होती तर आम्हाला पोहे कशाला खाऊ घातले? ललित सांगून थकला, पण ते ऐकत नाहीत. पप्पा, मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती." अमृतराव फोन कानाला लावून उभे राहिले. आपण काय करून बसलो! पोरीनं महिनाभराचं मौन मागितलं होतं, आणि आपण एका अक्षरापायी तिचं लग्न मोडायला निघालो. त्यांना स्वतःच्या जिभेचा इतका राग आला की ते रात्री जेवलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी गिरधरनानांचा निरोप आला. निरोप अगदी साधा होता: "रविवारी जळगावला येतोय. भरीत खायला. बाकी काही काम नाही."

पौषात सोयरिकीचं बोलायचं नाही, हा नानांचाच नियम. आणि नियम मोडणारे नाना नव्हेत. म्हणजे मोडायचं असलं तरी ते भरीत खाता खाता मोडणार आणि तोंडानं चकार शब्द काढणार नाहीत, हे सुलक्षणाबाईंनी ओळखलं. ऋतिका शनिवारीच गाडीनं आली. रविवारी सकाळपासून परसात तुरीच्या काड्या पेटवून हिरवी वांगी भाजली, मिरच्या ठेचल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. वास असा सुटला की भिकनआबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनाही ताट द्यावं लागलं.

नाना आले, त्यांच्या पत्नी लताबाई आल्या. ललितला मुद्दाम आणलं नव्हतं. ऋतिकानं आत, स्वयंपाकघरातच थांबायचं असं ठरलं. पंगत बसली. बराच वेळ फक्त वांग्यांचं कौतुक झालं. मग नाना घोटभर पाणी प्यायले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत. त्यांनी जावई ठरवला. मोबाइलवर लिहिलं. आनंद आहे. आपलं काय जातं?"

अमृतरावांच्या हातातला घास खाली पडला. "नाना, ते जावई नाही हो. ते जवय आहे."

"तेच म्हणतोय मी. आमच्याकडं जवाई म्हणतात."

"जवाई नाही, जवय! जवय ये!"

"हां. जवाई ये. वाचलं मी."

अमृतरावांनी जीव गोळा केला. जीभ टाळूला लावली, मागं वळवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "जवल."

"जवल?" नाना बायकोकडे वळले. "हा आणखी कोण शे?"

"लांब नाही ते!" सुलक्षणाबाई मदतीला धावल्या. "शेजारी असतं ना, ते. जवय!" बाईही मूळच्या यावलच्या. भिकनआबांनी तोंडातला घास आवरून समजावलं, "नाना, ते म्हणताहेत जवय," आणि गोंधळात भरच पडली. त्या खोलीत ळ म्हणू शकणारं एकही माणूस नव्हतं. स्वयंपाकघरात मात्र एक होतं. इतका वेळ ओठ दाबून बसलेली ऋतिका तिथून एकदम ओरडली, "जवळ! जवळ! जवळ!"

नाना हळूच म्हणाले, "पोरगी बोलावते काय कोणाला?"

आणि लताबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, हलत हलत. "अहो, जवय! डोया, केया, जवय! त्या पोरीले तो लांब उभा शे ना, म्हणून ती म्हणते, जवय ये! जावई कुठला आणता तुम्ही त्यात?"

नानांनी ते स्वतःशी दोनतीनदा म्हणून पाहिलं. जवय ये. जवय ये. त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली, पण पुरती नाही. मानी माणूस सहज खाली येत नाही. "असेल," ते म्हणाले. "पण माणूस रजा टाकून महिनाभर असं लिहितो, हे मला खरं वाटत नाही. खरंच लिहिलं असेल तर बठ्ठं वाचा, पहिल्यापासून."

मग अमृतराव वाचू लागले. मोबाइलवर सगळं चुकीचं उमटलेलं होतं, तयारीच्या काठी, काय भोर दोघे. पण त्यांच्या तोंडून ते बरोबर येत होतं. डोळ्यांना दिसणारं सोडून ते मनातलं बोलत होते. कायेभोर डोये. तयाच्या काठची संध्याकाय. खोलीत तसं बोलणारीच माणसं होती, त्यामुळे कुणालाच काही खटकलं नाही. भाकरी गार झाल्या. लताबाई ताटात हात तसाच ठेवून ऐकत होत्या. भिकनआबांची बोअरवेल आली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि चौफेर बघून घेतलं. धुकं आलं, बगळे आले, रत्नाच्या बापाचं घर आलं. अमृतरावांना सभोवतालचं भान राहिलं नाही. मग लग्न झालं, आणि रत्ना सासरी निघाली. जळगाव स्टेशन, तीन नंबरचा फलाट. बाप तिला पोचवायला आलेला.

आणि तिथं काहीतरी बिनसलं. गाडी येऊन उभी राहिली, पण सुटेना. आधी सिग्नल मिळाला नाही. मग धुकं दाटलं. मग इंजिनात बिघाड झाला. मग रत्नाच्या बापाला आठवलं की पाण्याची बाटली राहिली, ती आणायला तो गेला आणि गाडी त्याच्यासाठी थांबली. मग एक म्हैस रुळावर आली. म्हैस गेली तर दुसरी आली.

"मंग?" लताबाईंना राहवेना. "सुटली का गाडी?"

"नाही," अमृतराव म्हणाले. "इथंच थांबलंय."

"का बरं?"

अमृतरावांनी मोबाइल ताटाशेजारी ठेवला. त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. "मला तिला गाडीत बसवता येत नाहीये, ताई. आठवडा झाला. रोज ठरवून जातो, आज सोडायची म्हणून. तिथं गेलो की हात उचलत नाही. कादंबरी राहू दे तशीच. आव्हान गेलं तर जाऊ दे."

स्वयंपाकघरातला भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. सुलक्षणाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. हा माणूस महिनाभर चहात मीठ घालून कुठं फिरत होता, ते त्यांना आता कळलं.

नाना खाकरले. "पौष आहे, म्हणून मी काही बोलत नाही," ते म्हणाले. "पण एक सांगतो. जयगावहून धुयाला कोणी गाडीनं जात नाही, भाऊ. एस.टी. आहे. दोन तासांत माणूस दारात."

"पण सुटते ना ती सुद्धा, नाना," अमृतराव म्हणाले.

नानांची थोरली लेक नंदुरबारला दिलेली होती. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मग भरिताचं पातेलं स्वतःच पुढं ओढलं आणि अमृतरावांच्या ताटात मोठा डाव वाढला. "घ्या," ते म्हणाले. "घ्या, व्याही."

म्हणून बसले, आणि मग जीभ चावली. लताबाईंनी कपाळावर हात मारला. "झालं! पौषातच म्हणून बसले!" आत कुणीतरी पाट आपटला, आणि ऋतिकाचं हसणं ऐकू आलं, रडण्यासारखं. भिकनआबा म्हणाले, "आता माघात परत एकदा म्हणा, म्हंजे झालं." सगळेच हसू लागले.

अमृतरावही हसले. त्यांना इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं, आणि तितकंच रडावंसंही वाटत होतं. हसत असतानाच त्यांना स्पष्ट दिसलं की तीन नंबरच्या फलाटावरची गाडी हलली आहे. त्यांना न विचारताच हलली होती. खिडकीत निळी साडी होती आणि या खेपेला चेहराही नीट दिसत होता.

त्यांनी मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा मोडला.